संशोधनाचा पैसा ब्रुसेल्सचा, मग मधे प्रदेश कशाला?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. होरायझन युरोप या युरोपीय युनियनच्या संशोधन कार्यक्रमाचा पैसा ब्रुसेल्सहून, म्हणजे युनियनच्या मुख्यालयातून, थेट प्रयोगशाळेत जातो. शिवाय बहुतेक देशांकडे स्वतःची संशोधन परिषद आहे. मग या दोघांच्या मधे ‘प्रदेश’ नेमकं करतात काय? तुम्ही सात-आठ प्रदेशांचे ‘स्मार्ट स्पेशलायझेशन’ आराखडे, म्हणजे आपण कुठल्या क्षेत्रांवर भर देणार हे सांगणारे कागद, वाचलेत आणि सगळ्यांत डिजिटल, हरित ऊर्जा आणि आरोग्य हेच तीन शब्द सापडले. त्यावरून हा सगळा निधी पदरात पाडून घेण्यासाठी भरलेला फॉर्म असावा, अशी शंका तुम्हाला आली. आणि आता अशाच एका प्रादेशिक संस्थेत मुलाखतीला बोलावलंय, तर जावं की नाही.

मी मूळची सांगलीची, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. गेली सोळा वर्षं नेदरलँड्सच्या दक्षिण भागात प्रादेशिक निधीसाठी आलेल्या प्रस्तावांची छाननी करते आणि अधूनमधून दुसऱ्या देशांतल्या कार्यक्रमांच्या मूल्यांकनाला जाते. माझं उत्तर त्या टेबलावरून दिलेलं आहे. विद्यापीठातले अभ्यासक कदाचित वेगळ्या टोकाने सुरुवात करतील.

तुमची शंका निम्मी खरी आहे. आराखडे एकमेकांसारखे दिसतात. बरेचसे एकाच सल्लागाराच्या हातचे असावेत इतके सारखे. पण मुळातला पेच आराखड्याचा नाही. नवं ज्ञान तयार करणारा पैसा आणि ते ज्ञान वापरात आणणारा पैसा, हे युरोपात दोन वेगळ्या तिजोऱ्यांतून येतात. दोन्ही तिजोऱ्यांचे नियम एकमेकांच्या उलटे आहेत. या दोघांची गाठ पडू शकेल अशी जागा प्रदेशातच असते. ती प्रत्यक्षात पडते का, हे मात्र जागोजागी वेगळं आहे, आणि ते आराखड्यात दिसत नाही.

आधी तिजोऱ्यांबद्दल. पहिली संशोधनाची. १९८४ साली पहिला ‘फ्रेमवर्क प्रोग्राम’ सुरू झाला. होरायझन युरोप हा त्याचाच आजचा अवतार, २०२१ ते २०२७ साठी सुरुवातीला ९५.५ अब्ज युरो ठरलेला. इथे निकष गुणवत्तेचा. प्रस्ताव लिस्बनहून आला की लुब्लिनहून, हे परीक्षकाने बघायचं नाही. दुसरी तिजोरी समतोल विकासाची, तिला इथे सगळे ‘कोहेजन’ म्हणतात. १९७५ साली स्थापन झालेला युरोपीय प्रादेशिक विकास निधी हा तिचा कणा, आणि याच सात वर्षांसाठी तिच्यात ३९२ अब्ज युरो आहेत. इथे आधी तुम्ही कुठे आहात तेच बघतात. ज्या प्रदेशाचं दरडोई उत्पादन युरोपीय सरासरीच्या ७५ टक्क्यांखाली आहे, तिथे प्रकल्पाच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा वाटा ब्रुसेल्स उचलतं. सरासरीच्या वर असलेल्या प्रदेशांना ४० टक्क्यांपर्यंतच मिळतं, उरलेलं आपलं आपण उभं करायचं.

गुणवत्तेने वाटलेला पैसा जिथे गुणवत्ता आधीच आहे तिथे जाणार, हे उघड आहे. २००४ पासून पुढे युनियनमध्ये आलेल्या तेरा देशांच्या वाट्याला होरायझन २०२० मधला, म्हणजे होरायझन युरोपच्या आधीच्या कार्यक्रमातला, जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास पैसा आला. आणि कोहेजनचा पैसा कित्येक वर्षं रस्ते, पूल, सांडपाण्याच्या वाहिन्या यांतच गेला. त्यांची गरज होतीच, पण रस्ता चांगला झाला म्हणून त्या रस्त्यावरचा कारखाना नवं काही बनवायला लागेल असं नाही.

आता ‘प्रदेश’ म्हणजे काय, हे समजून घ्या, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. ब्रुसेल्सच्या आकडेवारीत प्रदेश म्हणजे साधारण ८ लाख ते ३० लाख वस्तीचा भाग. २०११ च्या जनगणनेवरून सांगायचं तर वस्तीने आपल्या सिंधुदुर्गाएवढ्यापासून साताऱ्याएवढ्यापर्यंतचा कुठलाही जिल्हा धरा. पण हा फक्त मोजणीचा प्रदेश झाला. अधिकारांचं चित्र देशागणिक बदलतं. बेल्जियममध्ये संशोधनाचा बराचसा कारभार केंद्राकडे नाहीच, फ्लँडर्स आणि वालोनिया हे प्रदेश आपापला बघतात. आज चिप उद्योगात जगभर नाव असलेली लुव्हेनची आयमेक ही संशोधन संस्था १९८४ साली फ्लँडर्सच्या सरकारने उभी केली. जर्मनीत विद्यापीठं राज्यांची. बाडेन-व्युर्टेमबर्ग आपल्या उत्पादनाच्या ५ टक्क्यांहून जास्त संशोधनावर खर्च करतं, तेव्हा सगळ्या युनियनसाठी २००२ पासून ठरवलेलं ३ टक्क्यांचं लक्ष्य अजून दूरच आहे. दुसऱ्या टोकाला पोर्तुगालची मुख्यभूमी. तिथे निवडून आलेली प्रादेशिक सरकारं असावीत का, यावर १९९८ मध्ये सार्वमत झालं आणि लोकांनी नको म्हटलं. एस्टोनिया, लाटविया तर या मोजणीत पूर्ण देशच एक प्रदेश. म्हणून ‘प्रदेशांची भूमिका काय’ याचं एकच उत्तर कुणी दिलं तर ‘कुठल्या देशातला प्रदेश?’ हे आधी विचारा.

मी जिथे राहते त्या लिम्बर्ग प्रांताची गोष्ट सांगते, कारण मला हा विषय पुस्तकातून नाही, या गावांतून फिरताना कळला.

१७ डिसेंबर १९६५ ला अर्थव्यवहार मंत्री योप देन आउल हेरलेनच्या नाट्यगृहात आले आणि दक्षिण लिम्बर्गच्या कोळशाच्या खाणी बंद होणार असं त्यांनी जाहीर केलं. उत्तरेत ग्रोनिंगेनला प्रचंड नैसर्गिक वायू सापडला होता, कोळसा परवडेना. १९७४ संपता संपता शेवटची खाण बंद झाली. हजारो घरांची चूल ज्या एका धंद्यावर पेटत होती तो संपला. केंद्र सरकारने त्या काळच्या समजुतीप्रमाणे उपाय केले. सरकारी कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड हेरलेनला हलवला, सांख्यिकी खात्याचं एक मोठं कार्यालय तिथे आणलं, १९७६ मध्ये मास्ट्रिख्टला विद्यापीठ काढलं. सरकारी खाण कंपनी डीएसएम हळूहळू रसायनांकडे वळली.

यातलं काय टिकलं बघा. डीएसएमच्या जुन्या आवारात आज केमेलॉट नावाचा रसायनांचा मोठा परिसर आहे. कारखाने आणि संशोधक एकाच कुंपणात. आणि हेरलेनमध्ये पेन्शन आणि आकडेवारीची जी कार्यालयं नुसत्या नोकऱ्या द्यायच्या म्हणून आणली, त्यांच्याभोवती चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी डेटावर काम करणाऱ्या कंपन्यांचा आणि संशोधकांचा कॅम्पस उभा राहिला. प्रांत, विद्यापीठ आणि पेन्शन सांभाळणारी संस्था यांनी मिळून तो उभा केला. १९७० च्या दशकात हेरलेनचं ‘स्पेशलायझेशन’ डेटा असेल, असं कुणीही लिहिलं नसतं. ते कुणाला तरी नंतर दिसलं, आणि ज्यांना दिसलं ते तिथेच राहणारे होते. हेगमधल्या मंत्रालयाच्या खिडकीतून हेरलेन म्हणजे फक्त मागासलेला कोपरा होता.

प्रदेशांचं दुसरं मोठं काम म्हणजे एखादी कल्पना स्वतःवर करून बघणं. याचं माझं आवडतं उदाहरणही लिम्बर्गचंच आहे. छोट्या कारखानदाराची अडचण असते, पण प्रयोगशाळेचं दार वाजवायची त्याला हिंमत होत नाही. प्राध्यापकालाही त्याच्यासाठी वेळ नसतो, कारण त्यातून शोधनिबंध निघत नाही. १९९७ मध्ये लिम्बर्गने ‘इनोव्हेशन व्हाउचर’ काढलं. कारखानदाराच्या हातात एक कूपन, ते घेऊन त्याने संशोधन संस्थेत जायचं, प्रश्न सोडवून घ्यायचा, आणि संस्थेने ते कूपन वटवून पैसे घ्यायचे. पैसा तोच, पण आता गिऱ्हाईक कारखानदार झाला.

२००४ मध्ये हीच कल्पना देशपातळीवर गेली. पहिल्या फेरीत ७,५०० युरोंची १०० व्हाउचर होती आणि अर्ज आले १,०४४. म्हणून सोडत काढली. सोडतीमुळे एक फायदा आपोआप झाला. व्हाउचर मिळालेले आणि न मिळालेले यांची सरळ तुलना करता आली. निष्कर्ष असा की दर दहा व्हाउचरपैकी आठांतून असं काम निघालं जे एरवी झालंच नसतं, एकाचं काम तसंही होणार होतं, आणि एक वापरलंच गेलं नाही. सरकारी अनुदानाबद्दल इतका स्वच्छ पुरावा मी फार कमी वेळा पाहिलाय. नंतर आयर्लंडने, चेकियातल्या ब्रनोने आणि इतर कितीतरी ठिकाणांनी व्हाउचर घेतली. आता एखाद्या केंद्र सरकारने ही कल्पना थेट सगळ्या देशात लावली असती आणि फसली असती, तर पुढे वीस वर्षं कुणी तिचं नाव काढलं नसतं. एका प्रांतात फसली असती तर त्या प्रांतापुरतं नुकसान होतं.

आता अवघड भाग. ज्या प्रदेशाला नावीन्यावर खर्च करायची सगळ्यात जास्त गरज, त्याच प्रदेशाला तो पैसा पचवणं सगळ्यात अवघड जातं. २००२ मध्ये अभ्यासकांनी याला ‘प्रादेशिक नावीन्याचा विरोधाभास’ असं नाव दिलं, पण आपल्याकडची म्हण जास्त थेट आहे: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कारखान्यात एकही इंजिनिअर नसेल तर तो प्रयोगशाळेला प्रश्न काय विचारणार? प्रांताच्या कचेरीत तांत्रिक प्रस्ताव समजणारं कुणी नसेल तर पैसा देणार कशावरून? मग सगळ्यात सोपं तेच होतं, इमारत बांधतात.

असं एक केंद्र मी मूल्यांकनाला गेले असताना पाहिलं. देश आणि गाव सांगत नाही. सुंदर काचेची इमारत, तीन मजले, प्रत्येक मजल्यावर कोरी प्रयोगशाळा. यंत्रांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी खरं ते सांगितलं: यंत्र विकत घ्यायला निधी होता, ते चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला नव्हता. कोहेजनच्या नियमाप्रमाणे पैसा मंजूर झाल्यापासून साधारण तीन वर्षांत खर्ची पडला नाही तर परत जातो. वस्तूंची खरेदी तेवढ्या वेळात होते. माणसं तेवढ्या वेळात तयार होत नाहीत. मी अहवालात हे लिहिलं, आणि त्या दिवसापासून कुठलाही प्रस्ताव हातात आला की मी आधी पगाराचं पान उघडते.

तर आता स्मार्ट स्पेशलायझेशनकडे. २००८-०९ च्या सुमारास युरोपीय आयोगाच्या सल्लागार अर्थतज्ज्ञांच्या गटात, डोमिनिक फोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ही कल्पना मांडली. मूळ कल्पना साधी आहे. प्रत्येक प्रदेशाने बायोटेक आणि नॅनोच्या मागे धावू नये. जे आपल्याकडे आधीच आहे त्याला कुठलं नवं तंत्र जोडलं तर पुढे जाता येईल ते शोधावं. आणि हे अधिकाऱ्यांनी टेबलावर बसून ठरवायचं नाही, कारखानदार, संशोधक आणि वापरणारे यांच्याकडून उमगू द्यायचं. २०१४ पासून असा आराखडा नसेल तर कोहेजनमधला संशोधनाचा पैसाच मिळणार नाही, अशी अट आली. सव्वाशेच्या आसपास आराखडे तयार झाले, आणि त्यांना मदत करायला आयोगाने सेव्हिलच्या आपल्या केंद्रात एक खास गट बसवला.

अट आली आणि तिथेच निम्मा प्राण गेला, असं माझं मत आहे. ज्या गोष्टीवर पैसा अवलंबून ती गोष्ट लोक परीक्षेसारखी लिहितात. मी स्वतः अशा बैठकांना बसले आहे जिथे सुरुवातीला चार क्षेत्रं होती आणि चहा होईपर्यंत अकरा झाली. प्रत्येक विद्यापीठाला, प्रत्येक संघटनेला आपलं नाव यादीत हवं होतं. कुणाला नाही म्हणणं म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर नाही म्हणणं. मग शब्द इतके रुंद करतात की सगळे आत मावतात. ‘शाश्वत आरोग्यपूर्ण समाज’ म्हटलं की बेकरीपासून बॉयलरपर्यंत सगळं बसतं. तुम्हाला सगळीकडे तेच तीन शब्द दिसले ते यामुळे. निधीची खिरापत वाटायची तर शब्द असेच लागतात.

पण खरी निवड कशी दिसते ते स्पेनच्या उत्तरेतल्या बास्क प्रदेशात बघा. १९८० च्या दशकात तिथली पोलाद आणि जहाजबांधणी कोसळली, बेकारी प्रचंड वाढली. पण त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, स्वतःचे कर स्वतः गोळा करायचा जुना हक्क. कर तिथेच जमा होतात आणि ठरलेला हिस्सा माद्रिदला जातो. दुसरी, देबा नदीच्या खोऱ्यात एल्गोइबारच्या आसपास मशीन टूल बनवणाऱ्यांची पिढीजात वस्ती, आणि मोंद्रागोनच्या सहकारी चळवळीने १९७४ मध्येच उभी केलेली इकेरलान ही तंत्रसंस्था. १९८१ मध्ये बास्क सरकारने आपली विकाससंस्था काढली, १९८५ मध्ये बिल्बाओजवळ सामुदिओला तंत्रज्ञान पार्क आला. मग स्पेशलायझेशनचा आराखडा लिहायची वेळ आली तेव्हा त्यांनी तीनच गोष्टी घेतल्या: प्रगत उत्पादन, ऊर्जा, आणि जैवविज्ञान-आरोग्य. शब्द तुम्हाला इथेही ओळखीचेच वाटतील. पण पहिल्या दोहोंच्या मागे तीस वर्षांचं काम उभं आहे, आणि तिसरं म्हणजे त्यांनी जाणीवपूर्वक लावलेली पैज आहे, जी ते २००० च्या दशकाच्या सुरुवातीपासून खेळताहेत. म्हणून मी म्हणते, आराखड्यातला शब्द वाचू नका. त्या शब्दामागे किती वर्षं, किती माणसं आणि कुणाचा स्वतःचा पैसा आहे ते बघा.

ही निवड छोट्या पातळीवर कशी होते, त्याचं माझ्याच टेबलावरचं एक उदाहरण. उत्तर लिम्बर्गमध्ये मश्रूमची शेती मोठी आहे. बावीस माणसांची एक कंपनी मश्रूमसाठी रॅक बनवते. मालक आले ते नवी वेल्डिंग लाइन घ्यायला अनुदान मागायला. ते नियमात बसत नव्हतं आणि मी नाही म्हटलं. पण गप्पांत त्यांनी खरी अडचण सांगितली. मश्रूम दिवसभरात जवळपास दुपटीने वाढतं, त्यामुळे तोडणी रात्रंदिवस चालते आणि तोडायला माणसं मिळत नाहीत. यंत्राने तोडायचं तर प्रश्न कॅमेऱ्याचा: झुबक्यातलं नेमकं कुठलं आधी काढलं म्हणजे शेजारच्यांना वाढायला जागा मिळेल? तो प्रश्न ऐकल्यावर मला एक प्रयोगशाळा आठवली जी वस्तूंच्या अशाच गर्दीतून एकेक वस्तू ओळखायचं काम करत होती. ती होती तासाभराच्या अंतरावर, पण सीमेपलीकडे जर्मनीत. आमच्या प्रांताचा निधी तिकडे सहजासहजी जात नाही. सीमेवरच्या सहकार्यासाठी १९९० पासून ‘इंटररेग’ नावाचा वेगळा कार्यक्रम आहे, त्यातून ते जमलं. पहिली भेट मी घडवली, पुढे दोन वर्षं मला काही करावं लागलं नाही. इतकंच माझं काम. पण हे काम ब्रुसेल्समध्ये बसून करता येत नाही. तिथल्या कुणाला त्या मालकांच्या रॅकबद्दल आणि त्या प्रयोगशाळेबद्दल एकाच वेळी माहिती असण्याची शक्यताच नाही.

इथवरचं एकदा जुळवून बघा. संशोधनाच्या तिजोरीला जागा दिसत नाही आणि कोहेजनच्या तिजोरीला, तिच्यावर सोडलं तर, इमारती दिसतात. प्रदेश या दोघांच्या मधे तीन कामं करू शकतो: जे आहे ते ओळखणं, नवी पद्धत लहान प्रमाणात करून बघणं, आणि न भेटलेल्यांची भेट घालून देणं. तिन्ही कामं माणसांवर चालतात.

माणसं तयार केली तर काय होतं ते ब्रनोमध्ये दिसतं. या शहराने १९५० च्या दशकात टेबलावर मावणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनवला आणि १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. साम्यवादी राजवट गेली, जुनी सरकारी कंपनी मोडली, पण कारागिरी शहरात राहिली आणि तिच्यातून नव्या कंपन्या निघाल्या. चेकियात प्रांत सरकारं आली २००० साली. म्हणजे दक्षिण मोरावियाचं प्रांत सरकार अक्षरशः नवंकोरं होतं. तरी २००३ मध्ये प्रांत, शहर आणि विद्यापीठं यांनी मिळून नावीन्य केंद्र काढलं. आधी माणसं नेमली, कंपन्यांच्या दारात जाऊन बोलणारी. मोठा युरोपीय निधी नंतर आला, आणि आला तेव्हा तो कुठे घालायचा हे सांगणारी माणसं जागेवर होती. आज जगातल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा मोठा हिस्सा ब्रनोत बनतो. मला विचाराल तर, मागास प्रदेशांनी म्युनिक किंवा कोपनहेगनचा दौरा करण्यापेक्षा ब्रनोला जावं.

हेही सांगायला हवं की प्रत्येक गोष्ट प्रदेशाकडे देऊ नये. मूलभूत संशोधनाचा दर्जा ठरवायला स्थानिक समिती चालत नाही, तिथे सगळे एकमेकांचे ओळखीचे निघतात. तो भाग होरायझनच्या परीक्षकांकडेच राहू दे. फार मोठ्या यंत्रणाही एका प्रदेशाच्या आवाक्यातल्या नाहीत. प्रागजवळ दोल्नी ब्रझेझानी, हंगेरीत सेगेद आणि बुखारेस्टजवळ मागुरेले, अशा तीन ठिकाणी युरोपने अतिशक्तिशाली लेसरची केंद्रं उभारली. बांधली ती मुख्यतः प्रादेशिक विकास निधीतून, पण ठरवली युरोपीय पातळीवर. दोन तिजोऱ्यांची गाठ अशीही पडते.

लहान गाठीसाठी २०१५ पासून एक शिक्का आहे, ‘सील ऑफ एक्सलन्स’. होरायझन २०२० मध्ये दर आठ प्रस्तावांपैकी साधारण एकालाच पैसा मिळत असे. उत्तम गुण मिळूनही पैसा संपला म्हणून मागे राहिलेल्या काही प्रकारच्या प्रस्तावांना हा शिक्का मिळतो आणि प्रदेशाने पुन्हा छाननी न करता आपल्या निधीतून तो घ्यावा अशी अपेक्षा. कल्पना मला मनापासून पटते. पण पहिली काही वर्षं सरकारी मदतीचे नियम, म्हणजे सरकारने कंपन्यांना किती मदत द्यावी यावरची युरोपीय बंधनं, आडवे यायचे. ब्रुसेल्सने दिलेलं अनुदान सरकारी मदत धरत नाहीत आणि तेच अनुदान प्रांताने दिलं की धरतात. २०२१ मध्ये नियम बरेच सुटसुटीत झाले. मुलाखतीत हा विषय काढलात तर समोरचे लोक तुमच्याकडे नीट बघतील.

आणि एक गोष्ट तुमच्या निर्णयासाठी महत्त्वाची. जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ ते २०३४ च्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव मांडला. होरायझनला १७५ अब्ज युरो, म्हणजे जवळपास दुप्पट. पण कोहेजन, शेती आणि आणखी काही निधी एकत्र करून प्रत्येक देशाची एकच ‘राष्ट्रीय आणि प्रादेशिक भागीदारी योजना’ करायची, असंही त्यात आहे. नावात प्रादेशिक शब्द आहे, पण योजना बनवणार आणि ब्रुसेल्सशी बोलणार मुख्यतः देशाची राजधानी. बऱ्याच प्रदेशांनी विरोध केलाय. माझ्या मते त्यांची भीती रास्त आहे. जर्मनी किंवा बेल्जियममध्ये फारसा फरक पडणार नाही, तिथे प्रदेशांना घटनेचाच आधार आहे. पण ज्या देशांत प्रदेशाला वजन आलंच ते ब्रुसेल्सचा निधी त्यांच्या हातून जायचा म्हणून, तिथे ते वजन पाच वर्षांत उतरू शकतं. ब्रनोसारखी केंद्रं तेव्हा कुणाच्या पैशावर चालतील, हा माझ्या झोपेआड येणारा प्रश्न आहे.

मुलाखतीला जरूर जा. पण त्यांनी तुम्हाला विचारायच्या आधी तुम्ही तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी तुमच्या किती लोकांनी किती कंपन्यांच्या आवारात पाऊल टाकलं? आराखड्यातून शेवटचं कुठलं क्षेत्र काढून टाकलं, आणि का? आणि तुमचा पगार युरोपीय प्रकल्पातून येतो की प्रांताच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून? तिसऱ्याचं उत्तर ‘प्रकल्पातून’ असेल तर दर तीन वर्षांनी अर्धी कचेरी बदलते असं समजा. तुम्ही एखाद्या मालकाला ओळखायला लागाल तोवर तुमचा करार संपलेला असेल. उत्तर ‘अंदाजपत्रकातून’ असेल आणि पहिल्या प्रश्नावर त्यांनी आकडा न अडखळता सांगितला, तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. तुमची डच अजून कच्ची आहे असं तुम्ही लिहिलंय. ती सहा महिन्यांत पक्की करा, कारण मश्रूमचे रॅक बनवणारे ते मालक इंग्रजीत वेल्डिंग लाइनबद्दलच बोलले होते. खरी अडचण त्यांनी डचमध्ये सांगितली.